गारलंडने पाडलेली जाळी

आमच्या शर्यतीच्या गाड्यांना खिडकीची काच नसते, जाळी असते. चालकाच्या डाव्या बाजूला, जाड पट्ट्यांची. गाडी भिंतीवर आदळली की स्टँडमधले प्रेक्षक, पिटमध्ये म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत उभे असलेले आम्ही, अँब्युलन्सवाले, सगळे एकच गोष्ट बघतात: जाळी पडली का? चालकाने आतून खटका ओढून जाळी खाली सोडली तर समजायचं, गडी शाबूत आहे. अँब्युलन्स अर्ध्या वाटेवरून वळते, लोक टाळ्या वाजवतात, बायकांचा जीव भांड्यात पडतो. जाळी वरच राहिली तर कुणी काही बोलत नाही.

माझ्या मेहुण्याने, गारलंड शूमेटने, १९८६च्या ऑक्टोबरात ब्रायर फोर्क ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर जाळी पाडली आणि त्याच दिवशी तो चॅम्पियन झाला. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या जेवणात, मयताच्या घरी ओसरीवर सुद्धा. लोक मलाच सांगायला लावतात, कारण मी त्याचा क्रू चीफ होतो. गाडी बांधली मी, आणि शर्यतभर रेडिओवरून त्याच्या कानात बोलत होतो तोही मीच. गोष्ट मी चांगली सांगतो. फक्त ती खरी नाही.

गारलंड आधी कोंबड्यांचा ट्रक चालवायचा. कॅरोलायनाच्या आमच्या डोंगराळ रस्त्यांवर तो ट्रक वेडावाकडा हाणला, तर कारखान्यात पिंजरे उतरवताना निम्म्या कोंबड्या मेलेल्या निघतात. त्यामुळे त्याला वळण असं घ्यायची सवय लागली होती की मागचं पीससुद्धा हलू नये. माझी धाकटी बहीण नेडीन त्याच्याशी लग्न करते म्हणाली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, "ट्रकवाला?"

"आणि तू कोण लागून गेलास?" ती म्हणाली. "तुझ्या नखातलं ग्रीस माझ्या लग्नातसुद्धा निघायचं नाही."

निघालं नाहीच. त्या लग्नानंतर वर्षभरात मी त्याला एका जुन्या गाडीत बसवून ट्रॅकवर सोडलं आणि पहिल्याच फेरीत मला कळलं की हा माणूस वेगळा आहे. बाकीचे वळणावर गाडीशी झगडायचे. गारलंड तिला नुसती सोडून द्यायचा आणि ती बरोबर जायची. पंधरा-सोळा वर्षांत त्याने एकसष्ट शर्यती जिंकल्या. पण चॅम्पियनशिप म्हणजे वर्षभराच्या गुणांची बेरीज, आणि ती दोनदा हातातोंडाशी येऊन गेली. पहिल्यांदा शेवटच्या शर्यतीत इंजिन फुटलं. ते मी बांधलं होतं. दुसऱ्यांदा चाक निखळलं. तो नट मी आवळला होता. गारलंड एका शब्दाने बोलला नाही. दोन्ही वेळा घरी जाताना त्याने मलाच कॉफी पाजली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या ओळखीचा एक जण गाडीत जळून गेला, त्यानंतर मी गारलंडकडून एक कवायत करून घ्यायला लागलो. दर गुरुवारी संध्याकाळी, जेवायच्या आधी, गॅरेजमध्ये. डोळ्यांवर फडकं बांधायचं, पट्टे आवळायचे, आणि मी ओरडायचो, "जाळी!" की डाव्या हाताने खटका ओढायचा. मग पट्टे सोडायचे, मग स्टिअरिंग काढून ठेवायचं, मग बाहेर. पहिल्यांदा त्याला अर्धं मिनिट लागलं. पुढे सात सेकंदात यायला लागला. मी सांगितलं होतं, "विचार करायचा नाही. धुरात विचार करायला वेळ नसतो. मी बोललो की हात हलला पाहिजे."

आणि हलायचा. रविवारी नेडीनकडे जेवायला बसलो असताना मी मुद्दाम हळूच "जाळी" म्हणायचो आणि गारलंडच्या डाव्या हातातून पावासारखं जाड बिस्किट पडायचं. सगळं टेबल हसायचं.

"माझ्या नवऱ्याला कुत्र्यासारखं शिकवलंयस तू," नेडीन म्हणायची.

"कुत्रा लवकर शिकला असता," गारलंड म्हणायचा आणि पडलेलं बिस्किट ग्रेव्हीत बुडवून खायचा.

१९८६ साली तो त्रेचाळीस वर्षांचा होता. ज्याच्या लाकडाच्या वखारीचं नाव गाडीवर होतं त्या मालकाने आधीच सांगून टाकलं होतं की हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी गाडी विकणार. म्हणजे झालं तर आता, नाहीतर कधीच नाही. शेवटच्या शर्यतीला चॅम्पियनशिपसाठी गारलंड आणि बॉयड लेफ्टविच दोघंच उरले. बॉयड पहिला आला असता तरी गारलंडला चौदावा नंबर पुरत होता. चौदावा! माझी आई जिवंत असती तर तिनेही आणला असता.

साठाव्या फेरीनंतर तिसऱ्या वळणात त्याचा पुढचा उजवा टायर फुटला आणि गाडी नाकाने भिंतीवर गेली. गाडी घसरत खाली आली, अर्धी फिरली आणि थांबली. जाळी वर.

"गारलंड," मी रेडिओवर म्हणालो. "बोल रे."

काही नाही. फक्त श्वासाची खरखर. रेडिओच्या बटणावर त्याचा अंगठा अडकून राहिला होता, म्हणून ऐकू येत होती. ती खरखर मला अजून कधीकधी भांडी घासताना ऐकू येते.

आमच्या शर्यतींच्या मालिकेचा नियम साधा होता. जाळी पडली नाही तर अँब्युलन्स चालकाला घेऊन जाणार, आणि अँब्युलन्सने गेलेला माणूस त्या दिवशी परत गाडीत बसणार नाही. ती तिकडून निघाली होती. मला दिवे दिसत होते. मला हेही दिसत होतं की गाडीचं नाक चेपलंय पण चाकं सरळ आहेत, वीस मिनिटांत ठोकून टेपने बांधून पाठवता येईल. चोवीसपैकी आठ गाड्या आधीच बंद पडल्या होत्या, आणखी दोन-तीन पडणारच होत्या. नुसता फिरत राहिला तरी चौदावा कुठे जात नव्हता. त्या घटकेला मी हा सगळा हिशोब केला. माझ्या बहिणीचा नवरा आत मान टाकून बसलेला असताना मी नंबर मोजत होतो.

"जाळी," मी म्हणालो.

काही नाही.

"जाळी!"

अँब्युलन्स दुसऱ्या वळणापर्यंत आली. मी तिसऱ्यांदा म्हणालो. चौथ्यांदा मी त्या गुरुवारच्या आवाजात ओरडलो, आणि काळा हातमोजा घातलेला एक हात आतून वर आला, खटका ओढला, जाळी पडली. हात थोडा वेळ खिडकीबाहेर लोंबत राहिला. स्टँड उठून उभा राहिला. काउंटीच्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. अँब्युलन्स वळली.

गाडी ओढून पिटमध्ये आणली तेव्हा मी डोकं आत घातलं. त्याचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

"थर्मन," तो शांतपणे म्हणाला, "या कोंबड्या कुठे न्यायच्यात?"

मला त्याच वेळी पट्टे सोडून त्याला बाहेर काढायला हवं होतं. एवढंच करायचं होतं, आणि ते मी केलं नाही. क्रूमधली माझी पोरं नाचत होती, हातोडे चालले होते. मी त्याच्या हेल्मेटवर थापटून म्हणालो, "नेहमीच्याच ठिकाणी. ती निळी गाडी दिसते ना, तिच्या मागे जात राहा."

तो गेला. ऐंशी फेऱ्या निळ्या गाडीच्या मागे फिरला. मी प्रत्येक वळणाला सांगत होतो, आता गॅस सोड, आता दे, आता सोड, आणि तो करत होता. शेवटून दहाव्या फेरीला कुणीतरी त्याला मागून धडक दिली आणि तो पुन्हा एकदा भिंतीला घासला. तेव्हाही मी "चल, चल, चल" म्हणालो. तो तेरावा आला. ट्रॉफी देताना नेडीनने त्याला मिठी मारली तेव्हा त्याने तिला विचारलं, "तुझे वडील दिसत नाहीत?" आमचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. नेडीनला वाटलं, वडिलांची आठवण काढतोय. ती रडली. भोवतालचेही रडले. मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याला शर्यतीतलं काहीच आठवत नव्हतं. ओसरीवर बसून त्याने मला विचारलं, "टायर फुटला त्यानंतर काय झालं रे?"

आणि मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तू भानावर आलास, सगळ्यांना वाटलं संपलं, पण तू आपणहून जाळी पाडलीस आणि म्हणालास, मला ढकला, मला जायचंय. त्याला ती आवडली. तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा, आणि दोनेक वर्षांत स्वतःच सांगायला लागला, जशी काही आठवतेय.

पुढची तीन वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. एकही जिंकली नाही. ज्याच्या मागचं पीस हलत नव्हतं तो आता वळण चुकायला लागला. पिटमध्ये लोक म्हणायचे, "चॅम्पियन झाला आणि सुस्तावला." मी त्यांच्यात उभा असायचो. मग त्याला कुणी बोलावेनासं झालं. कोंबड्यांच्या कारखान्यात लागला, तिथे मुकादमाच्या अंगावर धावून गेला, नोकरी गेली. ताटं फेकायला लागला, मग त्याबद्दल लहान मुलासारखा रडायला लागला. साठीच्या आतच नेडीन त्याच्या खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवायला लागली. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांत डोक्याला बसलेले मार आहेत, त्यातला नेमका कुठला ते सांगता येणार नाही. डॉक्टरला येत नसेल. मला येतं.

नेडीनच्या घरात जेवणघराच्या दारावर तो फोटो आहे. पडलेली जाळी, बाहेर लोंबणारा हात. एकदा गारलंडने तिला ओळखलं नाही, चोर समजून दाराबाहेर काढलं. मी गेलो तर ती पायरीवर चप्पल न घालता बसली होती. म्हणाली, "मी देवाशी भांडायला लागले की तो फोटो आठवते. त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं, थर्मन. शुद्धीवर आला, अँब्युलन्स येताना बघितली, आणि त्याने ठरवलं. त्याचं त्याने ठरवलं म्हणून मला हे सहन होतं."

मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हणालो, "नेडीन, त्या दिवशी ब्रायर फोर्कला..."

"त्या दिवसाचं काही वाईटसाईट सांगणार असशील तर सांगू नकोस," ती शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. "माझ्याकडे तेवढाच एक दिवस उरलाय."

मी गप्प बसलो. तिच्यासाठी बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खोटं कशाला बोलू, रविवारी तिच्या टेबलावर माझं ताट मांडलेलं असतं, आणि मला ते गमवायचं नव्हतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये ब्रायर फोर्कच्या मालकाने, क्लाइड बाऊमनने, कळवलं की ट्रॅकच्या भिंतीवर गारलंडचं नाव रंगवायचंय. त्याची चॅम्पियनशिपची जुनी अडतीस नंबरची गाडी व्हर्जिनियात कुणाच्या तरी गोठ्यात सापडली होती, ती क्लाइडने पूर्वीसारखी हिरवी रंगवून आणली होती. रविवारी दुपारी कार्यक्रम. गारलंडला गाडीत बसवायचं, फोटो काढायचा, मग नाव उघडायचं आणि मी माइकवर ती गोष्ट सांगायची.

"गाडीत बसवू नका," मी म्हणालो. "खिडकीतून आत जायचं वय आहे का त्याचं?"

"तू आपलं नेहमीचं रडगाणं लावू नकोस," नेडीन म्हणाली. "आठवडाभर तो गाडीचंच बोलतोय." तिने त्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. केसांना पाणी लावून भांग पाडला होता.

या गाड्यांना उघडणारं दार नसतं; चौघांनी धरून त्याला खिडकीतून आत सरकवलं. तो खुशीत होता. पट्टे बांधले. कुणीतरी फोटो चांगला यावा म्हणून जाळी वर लावली. इथवर ठीक होतं. मग क्लाइडने लोकांना ऐकू जावं म्हणून इंजिन चालू केलं.

आवाज झाला आणि गारलंडचा चेहरा गेला. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि समोर बघत राहिला. क्लाइडने घाईघाईने इंजिन बंद केलं. गारलंडने हात सोडले नाहीत. श्वास जोरजोरात चालला होता. जाळीतून मला ती खरखर ऐकू आली.

"झालं हं, गारलंड," नेडीन जाळीपाशी वाकून म्हणाली. "ये आता बाहेर. केक आणलाय."

तो हलला नाही.

"अहो चॅम्पियन," क्लाइड हसत म्हणाला, "गाडी परत हवी आहे मला." लोक हसले, मग हसायचे थांबले.

नेडीनने बाहेरून खटका शोधला, पण तो आतून असतो. तिने बोटं जाळीत घालून त्याच्या बाहीला स्पर्श केला. "गारलंड, मी आहे. मी नेडीन." त्याचे ओठ निळे पडायला लागले होते. ती माझ्याकडे वळली. "थर्मन, काहीतरी कर. तो ऐकत नाहीये."

मला ठाऊक होतं काय केलं की तो ऐकेल. मला हेही ठाऊक होतं की नेडीन फूटभर अंतरावर उभी आहे आणि त्याच्या तोंडाकडेच बघतेय. मी क्लाइडकडे बघितलं, दुसरा काही मार्ग निघतोय का म्हणून. निघत नव्हता. मी वाकलो आणि त्या आवाजात म्हणालो, "जाळी!"

डावा हात उचलला. खटका ओढला. जाळी पडली, आणि हात खिडकीबाहेर लोंबत राहिला, अगदी फोटोतल्यासारखा. डोळे तसेच होते. तिथे कोणी नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत हात घालून पट्टे सोडले, दोघांनी त्याला बाहेर काढून खुर्चीत बसवलं, कुणीतरी थंड सोडा दिला. हळूहळू ओठांचा रंग परत आला. नेडीन मात्र गाडीपाशीच उभी होती, त्या लोंबत्या जाळीवर हात ठेवून. मी जवळ गेलो.

"किती वेळा?" तिने विचारलं.

मला वाटलं, कळलं नाही असं दाखवावं. तेवढंही धैर्य झालं नाही. "चार," मी म्हणालो.

"आणि अँब्युलन्स?"

"येत होती."

तिने मान हलवली. मी बहात्तर वर्षांचा, तिचा थोरला भाऊ, आणि मला तिच्यासमोर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "नेडीन, मला तेव्हा..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात भोंग्यावरून क्लाइडचा आवाज आला. आता थर्मन एलर आपल्याला ती गोष्ट सांगतील, जी आपण सगळ्यांनी ऐकलीय आणि पुन्हा ऐकायचीय.

"जा," नेडीन म्हणाली.

"मी सांगतो त्यांना. खरं सांगतो."

"नाही. आज इतक्या वर्षांनी तुला हलकं व्हायचंय का? त्याच्यासमोर?" तिने जाळी सोडली. "नेहमी सांगतोस तशीच सांगायची. एक शब्द इकडेतिकडे करायचा नाही."

मी सांगितली. टायर फुटला, भिंत, शांतता, सगळं. जिथे थांबायचं तिथे थांबलो, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवला. आणि मग त्याने आपणहून जाळी पाडली, असं म्हणालो. लोक उठून उभे राहिले. भिंतीवरचं कापड ओढलं, खाली गारलंडचं नाव आणि १९८६.

मी माइकवरून उतरून त्यांच्यापाशी आलो. गारलंड केक खात होता. मला बघून त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली आणि पुढे वाकला, जणू मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगतोय.

"जाळी मी स्वतः पाडली होती, थर्मन. कुणी सांगितलं नव्हतं."

नेडीनने रुमालाने त्याच्या ओठांचा केक पुसला आणि माझ्याकडे बघत त्याला म्हणाली, "हो. तूच पाडलीस."